दुसऱ्याच्या हाताची मूठ

"आता हे हातातून खाली ठेवावंसंच वाटत नाही."

पलीकडचे आजोबा हे बोलले ती ऑक्टोबरमधल्या एका रविवारची सकाळ होती. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला होता, टॉवेलवर तेलाची बाटली आणि स्क्रू-ड्रायव्हर, आणि त्यांच्या उजव्या हातात त्यांचं छोटं रिव्हॉल्वर. रिकामं. गोळ्यांची चक्री बाजूला उघडून पाचही भोकांतून येणारा खिडकीचा उजेड त्यांनी आधी मला दाखवला होता आणि मग स्वतः पुन्हा एकदा पाहिला होता. मी अकरा महिने तासून, घासून, बिघडवून, पुन्हा करून घडवलेली शिसवी मूठ त्यांनी नुकतीच त्याच्यावर चढवली होती. स्क्रूला शेवटचा पाव फेरा दिला, हात मिटला, आणि ज्यांचे सांधे वर्षानुवर्षं दुखतात त्यांच्या ओठांच्या कडेला जो ताण कायम बसलेला असतो, तो त्यांच्या चेहऱ्यावरून क्षणभर उतरला. मग ते वाक्य आलं. ऐकून मला आधी आनंद झाला. हाताने काही करणाऱ्याला याहून मोठी पावती काय मिळायची? पण तो आनंद नीट आत उतरायच्या आधीच पोटात काहीतरी गार झालं. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. ती चालताना, आणि नंतरच्या तीन रात्री, ते वाक्य माझी पाठ सोडेना. ज्या वस्तूबद्दल मी हे वाक्य ऐकत होतो, ती हातातून खाली ठेवावीशी वाटलीच पाहिजे, अशी वस्तू होती.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, स्प्रिंगफील्ड शहराच्या जवळ. "पलीकडचे आजोबा" हे नाव माझ्या मुलीने ती चार वर्षांची असताना ठेवलं आणि ते आमच्या घरात तसंच राहिलं. त्यांना मराठीतला हा एकच शब्द येतो, "आजोबा", आणि तोही ते "अजूबा" असा म्हणतात. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसनच्या कारखान्यात काढली. ही बंदुका बनवणारी कंपनी. त्या गावातल्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी एकेकाळी बंदुकांच्या धंद्यात होतं. तिथली सरकारी शस्त्रशाळा 1794 मध्ये सुरू झाली आणि 1968 मध्ये बंद पडली, आता तिथे संग्रहालय आहे. स्मिथ अँड वेसनचं मुख्यालयही 2023 मध्ये टेनेसीतल्या मेरीव्हिलला गेलं, काही काम तेवढं अजून स्प्रिंगफील्डमध्ये चालतं. आजोबांकडे होतं ते त्याच कंपनीचं 'चीफ्स स्पेशल'. पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं, सुमारे साडेपाचशे ग्रॅम वजनाचं. 1950 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलिसप्रमुखांच्या परिषदेत ते पहिल्यांदा दाखवलं गेलं आणि तिथेच त्याचं हे नाव ठरलं. पुढे त्याला 36 हा मॉडेल नंबर मिळाला. आजोबांनी ते स्वतःच्या पगारातून घेतलेलं. घेतलं तेव्हा त्यांच्या हाताची बोटं सरळ होती.

आता ती सरळ नाहीत. मधलं बोट आतल्या बाजूला वळलंय, अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली आहे. त्यांना मूळची अक्रोडाची मूठ पुरेना. त्या रिव्हॉल्वरच्या कारखान्यातल्या मुठी बारीक असतात, खिशात मावाव्यात म्हणून. घोड्याच्या, म्हणजे गोळी झाडताना दाबायच्या चापाच्या, कड्यामागे, जिथे मधलं बोट टेकतं, तिथे लोखंड आणि बोट यांच्यात मोकळी जागा राहते आणि गोळी सुटली की कडं त्या बोटाच्या सांध्यावर आदळतं. वजनाला हलकं हत्यार, त्यामुळे धक्का जास्त. तरुण हात ते सोसतो. महिन्यातून एकदा क्लबच्या चांदमारीवर दोन जुन्या मित्रांबरोबर नेम धरायचा, मग डायनरमध्ये जाऊन अंडी आणि कॉफी, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. गेली दोन वर्षं ते नुसते कॉफीला जात होते. एक दिवस माझ्या गॅरेजमध्ये आले, मी पोळपाट तासत होतो तो उचलून कडेवरून अंगठा फिरवला, आणि खिशातून रुमाल काढून उलगडला. रुमालात त्या अक्रोडाच्या मुठीचे दोन भाग, दोन पाकळ्या, होत्या. "हे तुला जमेल?" एवढंच म्हणाले.

मी लगेच हो म्हणालो. मग रात्रभर कुशी बदलत राहिलो.

माझे आजोबा, आमचे तात्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावात सुतारकाम करत. घरांचे वासे, दारं, पाट, पाळणे सगळं करत, पण लोक त्यांच्याकडे लांबून यायचे ते मुठींसाठी. कोयत्याची मूठ, विळीचा पाट, पटाशीचा दांडा. कोयत्याचं पातं लोहार करायचा, ते सगळ्यांचं जवळपास सारखंच. मूठ मात्र तात्या गिऱ्हाईक समोर बसवून करायचे. आधी त्याला म्हणायचे, हात दे. हात उलटासुलटा करून बघायचे, घट्टे कुठे आहेत ते चाचपायचे. डावरा आहेस का? माडावर चढतोस की नुसतं गवत कापतोस? कोयता आकडीला लावून चालतोस की हातात धरून? मग खैराचा तुकडा घ्यायचे. पातं किती धारेचं आहे, कशाचं आहे, याच्याकडे बघायचेही नाहीत. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "पातं झाडाचं, मूठ हाताची. मला हात कळतो." मी आठ-नऊ वर्षांचा होतो, मला ते वाक्य फार भारी वाटलं होतं आणि शाळेत मी ते दोघा-तिघांना ऐकवलंही होतं.

पण तात्यांची दुसरीही एक गोष्ट आहे आणि त्या रात्री मला तीच आठवत होती. जेठ महिना होता, पाऊस तोंडावर. गावातला एकजण दुपारच्या उन्हात आला, कोयत्याची मूठ निखळलेली, आताच्या आता बसवून द्या म्हणाला. बांधावरून त्याचं चुलतभावाशी वाजलं होतं, हे अख्ख्या वाडीला माहीत होतं. त्याचे डोळे मला अजून दिसतात. तात्यांनी नेहमीसारखा त्याचा हात हातात घेतला, जरा जास्त वेळ धरून ठेवला, आणि म्हणाले, "लाकूड ओलं आहे रे. आठ दिवसांनी ये." लाकूड ओलं नव्हतं. पडवीच्या माळ्यावर दोन वर्षं वाळलेला खैराचा ढीग होता, मी रोज त्याच्यावर बसून गाभुळलेल्या चिंचा खायचो. तो तणतणत गेला. आठ दिवसांत पाऊस लागला. तो आला तेव्हा काजूच्या बागेत बेणणी राहिली आहे म्हणत आला, आणि तात्यांनी अर्ध्या तासात मूठ बसवून दिली. म्हणजे "मला हात कळतो" म्हणणाऱ्या माणसाला पातंही कळत होतं. ते बोलत नव्हते इतकंच.

सकाळी बायकोने चहा पुढे ठेवताना विचारलं, "ते एकटे असतात, ठाऊक आहे ना तुला?" तिला एवढंच म्हणायचं होतं आणि मला ते पुरेसं होतं. या देशात बंदुकीने दरवर्षी जेवढी माणसं जातात त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने जातात, आणि त्यांत एकट्या, वयस्कर पुरुषांचं प्रमाण मोठं आहे. हे इथे कुणालाही माहीत असतं आणि ते कुणी जेवणाच्या टेबलावर काढत नाही. आजोबांची बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या टोकाच्या राज्यात. हिवाळ्यात दिवसच्या दिवस त्यांच्या घराच्या धुरांड्यातून निघणारा धूर हीच त्यांची खबर. मी हो म्हणून बसलो होतो. मग मी तात्यांनी केलं तेच केलं. त्यांना जाऊन सांगितलं, लाकूड तयार व्हायला वेळ लागेल.

माझ्या बाबतीत ते निदान खोटं नव्हतं. माझ्याकडे शिसवाचा एक तुकडा होता, हातभर लांब, मनगटाएवढा जाड. तात्यांच्या घरातल्या जुन्या पलंगाचा मोडलेला पाय. 2009 मध्ये घर विकलं तेव्हा सगळे भांडीकुंडी वाटून घेत होते, मी हा पाय आणि तात्यांच्या दोन पटाश्या बॅगेत घालून आणल्या. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. इतकी वर्षं मी तो तुकडा नुसता ठेवून होतो. कशासाठी वापरावा हेच सुचेना. देव्हाऱ्याची कमान करावी म्हटलं तर पुरणार नाही, चमचा करावा तर जीव होत नाही. कोकणातल्या दमट हवेत शंभर वर्षं काढलेलं लाकूड इथल्या हिवाळ्यात, चोवीस तास हीटर चालणाऱ्या घरात, पुन्हा एकदा आकसतं. म्हणून मी त्याचा हवा तेवढा ठोकळा कापून तो तीन महिने आमच्या दिवाणखान्यात पुस्तकांच्या फळीवर नुसता ठेवला. दर रविवारी त्याचं वजन करायचो, भाजी मोजायच्या काट्यावर. वजन उतरायचं थांबलं तेव्हा मार्च लागला होता.

ठोकळा मधोमध उभा चिरला. शिसव कापताना जो वास येतो, तो मी वर्णन करू शकेन असं वाटत नाही. गोडसर असतो, थोडा गुलाबासारखा, थोडा जुन्या फडताळासारखा. भुसा जांभळा पडतो. वास कितीही घ्यावासा वाटला तरी तोंडावर मास्क लावावाच लागतो, तो भुसा नाकाला आणि कातडीला चांगला नाही. तात्या आयुष्यभर उघड्या नाकाने काम करत राहिले आणि आयुष्यभर शिंकत राहिले. चिरलेले दोन भाग पुस्तक उघडावं तसे शेजारी शेजारी ठेवले तर रेषा एकीतून दुसरीत आरशासारख्या जुळतात. काळ्या रेषा, मधे तपकिरी, एका कडेला बारीकसा पिवळा पट्टा. कुणाचं तरी बाळंतपण, कुणाचं आजारपण, दुपारच्या झोपा, सगळ्यांचं वजन ज्या पायाने पेललं, त्याच्या पोटात ही नक्षी होती आणि ती मी पहिल्यांदा बघत होतो.

खरं काम पुढेच होतं. या रिव्हॉल्वरच्या मुठीतलं लोखंड म्हणजे एक पोकळ कडी असते. त्याच्या तळाशी एक बारीक खिळी आडवी बसवलेली असते, दोन्ही बाजूंना जराशी बाहेर आलेली. प्रत्येक पाकळीच्या आतल्या अंगाला त्या खिळीसाठी एक आंधळं भोक हवं, आणि मधे आरपार एकच स्क्रू, जो दोन्ही पाकळ्यांना एकमेकींकडे खेचून धरतो. बस्स. एक स्क्रू, एक खिळी. खिळीचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर अख्खी मूठ तिरकी. वर मला नुसत्या बाजू झाकायच्या नव्हत्या, बोटांकडची कडा आणि घोड्यामागची मोकळी जागाही लाकडाने भरायची होती. म्हणजे प्रत्येक पाकळी आतून कोरून लोखंडाची अर्धी जाडी तिच्यात उतरवायची आणि बाहेर दोन्ही पाकळ्या एकमेकींना अशा भिडवायच्या की नखाला सांधा लागू नये.

आणि हे सगळं त्या रिव्हॉल्वरला हात न लावता. आमच्या राज्यात परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही, माझ्याकडे परवाना नाही, आणि आजोबा या बाबतीत फार काटेकोर. "ते माझ्या हातात राहील, लाकूड तुझ्या हातात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मला ते मनापासून बरं वाटलं. तेव्हा आमची रीत अशी पडली. रविवारी सकाळी मी पाकळ्या घेऊन त्यांच्याकडे जायचो. ते कुलपाची पेटी उघडायचे, रिकामं असल्याची खात्री दोनदा करायचे, मुठीकडचं लोखंड माझ्याकडे आणि नळी भिंतीकडे करून धरायचे. मी त्या लोखंडाच्या कडेवर आणि खिळीच्या टोकावर काजळ लावायचो, ब्रशने. पूर्वी बंदुकीचे लाकडी दस्ते बसवणारे कारागीर दिव्याची काजळीच वापरत, हे त्यांनीच सांगितलं. मी बायकोची काजळाची डबी घेऊन गेलो तेव्हा ते तिच्याकडे बघतच राहिले. मग ते लोखंड लाकडावर दाबायचे. उचललं की जिथे लाकूड अजून जास्त आहे तिथे काळा ठिपका उमटलेला. तेवढंच पटाशीने काढायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा ठिपका. एका रविवारी दोन कागदांएवढी जाडी निघाली तर पुष्कळ. ठिपके हळूहळू पसरत जातात, मग एक दिवस सगळीकडे सारखी करडी छटा उमटते आणि लाकूड लोखंडावर बसताना "टक्" असा अगदी हलका आवाज होतो. तो आवाज आला त्या दिवशी आम्ही दोघं काहीच बोललो नाही. त्यांनी उठून केक कापला.

बाहेरचा आकार मात्र मला हातावरून काढायचा होता. त्यासाठी मी घरी प्लायवूडचा एक नुसता ढाचा केला, त्याच्यावर घट्ट मळलेली कणीक थापली आणि झाकून त्यांच्याकडे नेली. "धरा," म्हटलं. "नेम धरता तसं नको, दुखणार नाही असं धरा." त्यांनी डोळे मिटून धरलं. कणकेत त्यांची पाचही बोटं उतरली, वाकलेल्या मधल्या बोटाची तिरकी खाच, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गाठीचा खोलगट ठसा. तात्या म्हणायचे तसा हात दिला होता त्यांनी मला. ती कणीक सुकून आकसायच्या आत रात्री बारापर्यंत बसून मी कॅलिपरने मापं घेतली, एकेका बोटाची. जाड कानशीने आकार काढताना मग माझी बोटं त्या लाकडावर कुठेच नीट बसत नव्हती. आपल्या हाताला जे चुकीचं वाटतंय ते बरोबर आहे, हे मनाला बजावत काम करायचं. हे फार अवघड जातं. पाच-सहा वेळा तरी माझ्या नकळत कानस माझ्या बोटाच्या सोयीकडे वळली आणि मला मागे यावं लागलं. डाव्या पाकळीचा वरचा भाग जास्त उतरवावा लागतो, कारण चक्री डावीकडे उघडते आणि रिकामी काडतुसं तिकडून निघतात, त्यांना लाकूड आडवं येता कामा नये. तो उतार काढताना एकदा कड फुटली. ती पाकळी गेली. पलंगाच्या पायातून पुन्हा एक जोडी चिरली. पाय आता वीतभरच उरला होता.

मधे एकदा ते मला शस्त्रशाळेच्या संग्रहालयात घेऊन गेले. तिथे थॉमस ब्लँचर्डचा लेथ आहे. बंदुकीचा दस्ता म्हणजे वेडावाकडा आकार, तो आधी प्रत्येक कारागीर हाताने तासायचा. ब्लँचर्डने 1819 च्या सुमारास असं यंत्र काढलं की एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरतो, त्याच्यावरून एक चाक नुसतं घसरत जातं, आणि दुसऱ्या बाजूला पात्याचं चाक कोऱ्या लाकडातून हुबेहूब तसाच दस्ता कापत जातं. आजोबा त्या यंत्रापुढे टोपी काढून उभे होते, देवळात उभं राहावं तसे. मला तात्या आठवत होते. त्या यंत्राने लाखो सारखे दस्ते झाले असतील, आणि ते उचलणाऱ्या लाखो हातांतला एकही हात दुसऱ्यासारखा नसेल. परतताना गाडीत ते स्वतःची बोटं उघडमीट करत बसले होते.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी त्यांना विचारलं. कसं विचारावं ते महिनाभर मनात घोळवलं होतं आणि ऐनवेळी अगदी उघडंबोडकंच विचारलं. "आजोबा, तुम्ही या घरात एकटे असता. हे हत्यार तुमच्याजवळ आहे. मला काळजी वाटते." इंग्रजीतही मी त्यांना "आजोबा"च म्हणतो. त्यांनी हातातलं रिव्हॉल्वर पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ती गेली तो पहिला हिवाळा हे माझ्याकडे नव्हतं. ती गेल्यावर दहाव्या दिवशी मी हे परवाना असलेल्या एका दुकानदाराकडे ठेवायला दिलं. त्याला म्हटलं, मी मागितलं तरी वसंत येईपर्यंत देऊ नकोस." थोडा वेळ ते कप फिरवत राहिले. "मे महिन्यात आणलं परत. तू विचारलंस ते बरं केलंस. मुलाने अजून विचारलेलं नाही." मग आम्ही काजळाचं काम पुढे चालू केलं. माझा हात स्थिर नव्हता म्हणून त्या दिवशी पटाशी मी हातात घेतलीच नाही, नुसते ठिपके बघितले.

त्या दिवसानंतर मी घाई केली नाही, पण मुद्दाम रेंगाळलोही नाही. आणि रेंगाळण्याचं कारण संपल्यावरही रविवार संपू नयेत असं मला वाटत होतं, हे मी कबूल करतो. पॉलिश पेपर चारशेचा, मग सहाशेचा, मग आठशेचा. मुठीला खवले किंवा जाळी कोरतात पकड बसावी म्हणून, ती मी केली नाही. त्यांची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे. वार्निशही नाही. तात्या मुठीला कधी वार्निश लावू देत नसत, हाताला फोड येतात म्हणून. "घामच पॉलिश करतो," म्हणायचे. जवसाच्या तेलाचं अगदी पातळ बोट फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसून काढलं, कारण शिसव मुळातच तेलकट, त्यात तेल नीट सुकत नाही. मग मेण. पंधरा दिवस ते माझ्या खिडकीत होतं. ऊन यायचं तेव्हा तो बारीक पिवळा पट्टा मधाच्या रंगाचा दिसायचा.

आणि मग ते वाक्य.

तीन रात्रींनंतर मी पुन्हा चाळीस पावलं चालत गेलो. रविवार नव्हता, ते चकित झाले. मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, हातातून ठेवावंसं वाटत नाही. मला त्या वाक्याने झोप नाही." त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. त्यांनी टेबलावरचा कॉफीचा मग उचलला, दोन्ही हातांनी, लहान मुलासारखा. "बघ," म्हणाले. "हा असा धरतो मी. दाराची मूठ मनगटाने फिरवतो. जिन्याचा कठडा कोपराने. गेल्या चार वर्षांत मी एकही वस्तू न दुखता धरलेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी धरलं आणि दुखलं नाही. ते रिव्हॉल्वर होतं म्हणून नव्हे रे." मी त्यांच्या मगाकडे बघत राहिलो. अकरा महिने मी त्यांच्या हाताची मापं काढत होतो, आणि त्यांच्या घरात इतर शंभर मुठी आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हात बघितला होता, पण नजर माझी सगळा वेळ पात्याकडे होती.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरातल्या मुठी केल्या. बर्फ काढायच्या फावड्याला मेपलची जाड, अंडाकृती मूठ. त्यांच्या काठीला. स्वयंपाकाच्या सुरीला, बटाटे सोलायच्या सोलाण्याला. मागच्या दाराला. कणकेचा ठसा आता लागत नव्हता, मापं मला पाठ होती. क्लबातून परतल्यावर डायनरमधून ते माझ्यासाठी 'पाय' हा गोड पदार्थ आणायचे आणि मित्रांपैकी कुणाचा नेम किती चुकला ते रंगवून सांगायचे. स्वतःचा सांगत नसत. मला मात्र एक सांगायलाच हवं. ते चांदमारीवर गेलेले असायचे त्या शनिवारी मी गॅरेजमध्ये काम करत नसे. मूठ हाताची, हे मला पटलं होतं. तरी तिच्या पुढे नळी होती. कुणी मला विचारलं असतं, अजून एक करून देशील का, तर मी आधी त्याचा हात हातात घेतला असता आणि बराच वेळ धरून ठेवला असता, आणि बहुतेक म्हणालो असतो, लाकूड ओलं आहे.

गेल्या वर्षी ते मुलाच्या गावी वृद्धांच्या वसतिगृहात राहायला गेले. तिथे शस्त्र चालत नाही, आणि त्यांना नकोही होतं. आवराआवरीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. त्याच टेबलावर तोच टॉवेल. पेटी उघडली, पाच भोकांतून उजेड दाखवला. मग स्वतःच्या हाताने तो एक स्क्रू सोडवला, शिसवाच्या पाकळ्या उतरवल्या, आणि जुन्या अक्रोडाच्या पाकळ्या परत चढवल्या. उजव्या पाकळीच्या आतल्या अंगाला रिव्हॉल्वरचाच नंबर ठोकलेला आहे, कारखान्यातून दोघं एकत्र निघाले होते, ते त्यांनी मला पहिल्यांदाच दाखवलं. "हे जसं आलं तसं जाऊ दे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते परवानाधारक दुकानदाराकडे विकायला गेलं. शिसवाच्या पाकळ्या त्यांनी रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या. फावडं ठेवून गेले. काठी घेऊन गेले.

यंदा खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे पाट मांडला. तात्यांच्या दोन पटाश्या, माझा रंधा, करवत, कानशी. हळदकुंकू, आणि झेंडू मिळाला नाही म्हणून अंगणातली शेवंती. मुलीने रुमाल उलगडला आणि विचारलं, हे पण ठेवायचं? मी जरा थांबलो, मग ठेव म्हटलं. त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, मी त्या पाकळ्या उचलल्या. दोन वर्षांत त्या अंगठ्याच्या जागी काळसर, तुकतुकीत झाल्या आहेत. मी त्या एकमेकींवर मिटवून मुठीत धरल्या. मधल्या बोटाच्या तिरक्या खाचेत माझं बोट राहत नाही, ते खाली घसरतं. गाठीसाठी केलेला खोलगा माझ्या तळव्याखाली रिकामा राहतो. बाहेरचा सांधा अजूनही नखाला लागत नाही. उजेडाकडे धरून वरच्या तोंडातून आत बघितलं तर लोखंडाच्या आकाराची पोकळी दिसते, आणि तिच्या भिंतींवर ठिकठिकाणी, पुसूनही न गेलेलं, काजळ.